मधली आणि धाकटी

४ सप्टेंबर

ताईंनी ही वही आणून दिली. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आधीच मुखदुर्बळ. दोघांच्या वाटचं बोलणारी होती, ती गेली. आता जिभेला गंज चढायच्या आत निदान लिहा तरी."

"काय लिहू?"

"काहीही. आज दूध नासलं, असं लिहा. मी काही वाचायला येत नाही."

आज दूध नासलं नाही. दुपारी संग्रहालयाचे प्रमुख आले होते.

ही तिथल्या वनस्पती विभागात होती. डोंगरावरच्या रानटी अ‍ॅस्टरच्या जाती वेगळ्या काढणं हे तिचं काम. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. निवृत्त झाल्यावर भिंगाखाली ठेवलेल्या तिच्या फुलांची चित्रं काढू लागलो. त्या जांभळ्या अ‍ॅस्टर सगळ्या सारख्याच दिसतात. तिने त्यांना घरातली नावं दिली होती. थोरलीचं पान देठाला मिठी मारतं. मधलीचं नुसतं टेकतं. या दोन्ही जाती जुन्या, सर्वांना मान्य. तिसरी हिने शोधली. धाकटी. आम्हाला मूलबाळ नाही.

प्रमुख चहा संपेपर्यंत हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "डोंगरी वनस्पतींची सूची ऑक्टोबरअखेर छापायला जातेय. बाईंची धाकटी आम्हाला कुणालाच ओळखता येत नाही. वाळवलेल्या झाडाच्या शीटवर त्यांनी चिठ्ठी लावलीय म्हणून आम्ही धाकटी म्हणतो. चिठ्ठी झाकली की सगळ्या मधल्याच."

मी विचारलं, "मग?"

"मग ती मधलीत मिसळावी लागेल. तुम्ही चित्रं काढलीत. तुम्हाला फरक दिसत असेल तर दाखवा. मलाही आनंद होईल."

ते गेल्यावर मी कपबशी विसळली. ही गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आज आलं.

९ सप्टेंबर

संग्रहालयात गेलो. हिच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिच्या टेबलावर बसते. सतत चिवचिवते म्हणून ही तिला चिमणी म्हणायची. ती अजूनही हिला मॅडम म्हणते, मला काका. तिने शीटचा गठ्ठा समोर ठेवला. शीट म्हणजे जाड कागदावर चिकटवलेलं, दाबून वाळवलेलं झाड.

"काका, फुलाच्या तोंडाकडे पाहू नका. तोंड फसवतं. फूल उलटं करून हनुवटीखाली बघा."

हनुवटीखाली हिरवे खवले असतात, एकावर एक बसवलेले. ते बघायचे, देठावरची लव बघायची, बियांवरची पिसं बघायची. थोरली मला लगेच जमली. मधली आणि धाकटी यांच्यापुढे मी दुपारभर ठोंब्यासारखा बसलो होतो.

जाताना एका शीटवर कापसासारखं काही दिसलं म्हणून विचारलं. चिमणी म्हणाली, "ती पिसं आहेत. हे फूल तोडलं तेव्हा मिटलेलं होतं. अ‍ॅस्टरची ही खोड आहे. कापून कागदात दाबली तरी थांबत नाही. पूर्ण वाळेपर्यंत आतल्या आत पिकत राहते, बी धरते."

"मेल्यावर?"

"तिला सांगायला हवं ना कुणीतरी, की तू मेलीस."

ती विनोदाने म्हणाली. मग माझ्याकडे बघून शीट आवरायला लागली.

१० सप्टेंबर

कालचं डोक्यातून जात नाही.

१७ सप्टेंबर

आज जमलं. रोज जाऊन बसत होतो. चिमणीने चिठ्ठ्या झाकून शीट पत्त्यांसारखी पिसली आणि मी दोन गठ्ठे केले. एकही चुकलं नाही. तिने पुन्हा पिसली, पुन्हा बरोबर.

मधलीचे खवले फुलाला घट्ट चिकटलेले असतात, गळ्याशी बटण लावल्यासारखे. धाकटीचे बाहेर वळतात, कॉलर उलटी झाल्यासारखे. मधलीची पिसं पांढरी आणि आत. धाकटीची मातकट आणि बाहेर आलेली. एकदा दिसलं की न दिसणं अशक्य. आम्ही चित्रं काढत होतो तेव्हा ही बोट ठेवून "हे बघा, हे" म्हणायची आणि मी हो हो करत पेन्सिल चालवायचो.

चिमणीने आनंदाने प्रमुखांना बोलावून आणलं. त्यांनीही शीट पिसली. मग म्हणाले, "मान्य. फरक आहे. पण ही सगळी शीट शेवटच्या दोन हंगामांतली आहेत. त्याआधीच्या इतक्या वर्षांत एकही धाकटी नाही. डोंगरावरची ताजी झाडं आणून दाखवा, मी स्वतः सूचीत घालतो."

शेवटची दोन वर्षं ही घरूनच काम करायची. छातीच्या दुखण्याने संग्रहालयाचा जिना होईना. चिमणी झाडं आणून द्यायची आणि आम्ही दोघं ती मागच्या खोलीत प्रेसमध्ये लावायचो. प्रेस म्हणजे दोन लाकडी फळ्या, मध्ये टिपकागद आणि झाडं, वरून पट्टा. ही फळीवर बसायची आणि मी पट्टा ओढायचो. ओले टिपकागद रोज बदलायचे, तेही माझं काम. दवाखान्याच्या फेऱ्यांत चार-चार दिवस राहून जायचं.

मी चिमणीला विचारलं, "तू डोंगरावर धाकटी पाहिली होतीस ना?"

"नाही काका. मला तिथे सगळ्या मधल्याच दिसायच्या. मॅडम म्हणायच्या, ताजेपणी कळत नाही, वाळल्यावर स्वभाव कळतो."

२६ सप्टेंबर

चिमणीबरोबर डोंगरावर गेलो. खिंडीखालच्या सुट्या दगडांच्या उतारावर, जिथून ती हिच्यासाठी झाडं आणायची तिथे. दगडांमधून अ‍ॅस्टरच अ‍ॅस्टर. वारा आला की सगळी फुलं एकदम एकीकडे वळत आणि वारा थांबल्यावर जरा उशिराने परतत. मला ते आवडलं नाही. वर्गात शिरल्यावर मुलं आपल्याकडे बघतात तसं वाटत होतं.

दिवसभर फुलं उलटी करून पाहिली. सगळ्यांच्या गळ्याशी बटणं. सगळ्या मधल्या.

शेवटी चिमणी म्हणाली, "एकाच गड्ड्याचे दोन भाग करूया. अर्धे फुटवे मी संग्रहालयात वाळवते, अर्धे तुम्ही घरी. बघू काय स्वभाव निघतो ते."

परतीच्या बसमध्ये ती झोपली. माझ्या मांडीवर ओली पिशवी होती. तिचं वजन मला ओळखीचं वाटलं. का ते सांगता येत नाही.

२७ सप्टेंबर

मागची खोली उघडली. ही गेल्यापासून बंदच होती. उत्तरेच्या भिंतीला ओल आहे, आतून पाइप जातो. "गावाला पाणी देणारे, घरची गळती काही काढत नाहीत," हा हिचा नेहमीचा टोमणा. टिपकागदांचा गठ्ठा कोपऱ्यात होता तसाच होता, कडांना काळसर ठिपके पडलेले. नवे आणावेत असं मनात आलं. पण तिचं काम याच कागदांवर झालं, म्हणून हेच घेतले.

पट्टा एकट्याने ओढायला जमत नव्हतं. गुडघा ठेवून ओढला.

१ ऑक्टोबर

पट्टा सैल पडतो. मी घट्ट करतो, दुसऱ्या दिवशी गठ्ठा पुन्हा खाली बसलेला असतो. वर कुणी बसून उठल्यासारखा.

६ ऑक्टोबर

सकाळी पुढच्या खोलीत खुर्चीखाली एक मातकट पीस सापडलं. खिडक्या मी लावलेल्या होत्या.

प्रेस उघडली. टिपकागद बदलायला म्हणून उघडली होती, पण बदलले नाहीत. आत सगळ्या धाकट्या. कॉलरी उलट्या, पिसं बाहेर. डोंगरावर मी स्वतः भिंग लावून पाहिलेली मधली होती ही. त्याच फांद्या, मी कापलेल्या.

एक शीट घेऊन संग्रहालयात गेलो. तिथे वाळवणीचं कपाट आहे, त्यात गरम हवा फिरते. चिमणीने आपला अर्धा भाग काढून दाखवला. पांढरी पिसं, बटणं लावलेली. मधली.

दोन्ही शेजारी ठेवली. एका मुळाची दोन झाडं. चिमणीने भिंग आधी एकावर धरलं, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर.

मी घरी येऊन बसलो. संग्रहालयात जी मधली असते ती आमच्या घरी येऊन धाकटी होते. मग धाकटी डोंगरावर नाहीच. ती इथे येते.

१० ऑक्टोबर

ताई आल्या. दारातच नाकाला पदर लावला. "भाऊजी, हा वास कसला? घरात बेडूक पाळलेत का?"

मी म्हणालो, "कामाचा वास आहे."

त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी त्यांच्यामागून एकेक लावत गेलो. शेवटी त्या हसल्या, "आपण दोघं सर्कशीत शोभू." मग मला खोकला आला आणि त्यांचं हसू गेलं.

"कधीपासून आहे हा?"

"पिसं जातात नाकात."

"हा खोकला माझ्या ओळखीचा आहे," ताई म्हणाल्या. "मागच्या खोलीतून यायचा. मी पुढे बसलेली असायचे आणि आतून असाच यायचा."

मलाही तसंच वाटलं होतं, पण सांगितलं नाही. परवा मी पुढच्या खोलीत होतो आणि खोकला मागच्या खोलीतून ऐकू आला. हिचा खोकला कोरडा होता, शेवटी एक बारीक शीळ असायची. माझ्यात ती शीळ नव्हती. आता आहे.

ताई म्हणाल्या, "आवरा आणि चला माझ्याकडे. चार दिवस मोकळी हवा खा. माझ्या हातचं खाऊन अजून कुणी मेलेलं नाही, तुमचे साडू सोडले तर, आणि ते आधीच आजारी होते."

एरवी मी हसलो असतो. सूची जाईपर्यंत येत नाही, असं सांगितलं.

१५ ऑक्टोबर

एकटाच डोंगरावर गेलो. दोन पोती भरून आणली. चढताना दम लागत होता, उतरताना नाही.

फुलं आता माझ्याकडे बघतात त्याचं काही वाटत नाही.

१६ ऑक्टोबर

एका प्रेसमध्ये मावेनात. दोन दारांच्या कपाटाच्या फळ्या काढल्या आणि जमिनीवरच थर लावले. कागद, फुलं, कागद. लांबी साधारण माणसाएवढी झाली. मुद्दाम केली नाही, फळ्याच तेवढ्या होत्या.

२१ ऑक्टोबर

चिमणी घरी आली. तिला मागची खोली दाखवावी लागली. ती उंबऱ्यातच थांबली. मग रुमाल तोंडाला धरून आत आली, एक टिपकागद उचलून उजेडात धरला, भिंतीला हात लावला आणि हात स्कर्टला पुसला.

पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"धाकटी ही जात नाही. ही मधलीच आहे, उशिरा वाळलेली. कपाटात फूल एका दिवसात सुकतं, त्याला पिकायला वेळच मिळत नाही. इथे ओल आहे, कागद बदललेले नाहीत. फूल कितीतरी दिवस अर्धवट जिवंत राहतं. पिकतं, खवले उलटतात, पिसं बाहेर येतात, बुरशीने मातकट होतात. मॅडमना ते कळलं असतं. त्यांची तब्येत इतकी बिघडली नसती तर कळलंच असतं." तिचे डोळे भरले होते. "प्रमुखांना मी अजून बोलले नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा बोलेन. पण ती खोली बंद करा. मॅडम तिथे दोन वर्षं श्वास घेत होत्या."

मी तिला पाणी दिलं. तिचं म्हणणं मला पटलं. ओल, उशीर, बुरशी, यातलं काहीच खोटं नाही. मी आयुष्यभर पाण्याच्या खात्यात काढलं. नळाला पाणी कुठल्या टाकीतून, कुठल्या पाइपाने येतं, ते मी कुणालाही कागदावर काढून दाखवतो. पण व्हॉल्व्ह कुणीतरी सोडलेला असतो. तो सोडणारा नकाशात नसतो.

चिमणीला हे बोललो नाही. मुलगी गुणी आहे. तिला वाटतं, मला वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर

प्रमुखांना भेटलो. म्हणालो, "धाकटी सूचीतून काढून टाका."

ते दचकले. त्यांनी बहुधा मला समजवायची तयारी केली होती. "तुमची खात्री आहे? बाईंची विद्यार्थिनी अजून काही बोलायला तयार नाही."

"ती डोंगरावर नाही. सूची डोंगराची आहे."

"बाईंच्या नावाला याने काहीही बाधा येणार नाही. थोरलीचं सगळं काम त्यांचंच आहे."

"हो."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. भला माणूस आहे. त्यांच्या हातावर माझ्या हातावरची पिसं चिकटली. त्यांनी ती झटकली नाहीत. मी बाहेर गेल्यावर झटकली असतील.

महिनाभर मला भीती होती की धाकटीचं नाव गेलं तर हिचं उरलंसुरलंही जाईल. उलटंच झालं. नाव लोकांकडे होतं तोवर सगळ्यांना बघायचं होतं, पिसायचं होतं, तपासायचं होतं. आता कुणी येणार नाही.

२५ ऑक्टोबर

ताईंचा निरोप आला. रविवारी गाडी घेऊन येतात, डॉक्टरांशीही बोलल्या आहेत. "हो-नाही काही नको, बॅग भरून ठेवा."

बॅग काढली. तिची आणि माझी अशी दोघांची एकच होती. पुन्हा माळ्यावर ठेवली.

२८ ऑक्टोबर

पुढच्या खोलीत आता फारसा बसत नाही. मागे फुलं पिकतात त्याचा आवाज येतो. फार बारीक असतो, कागदावर नख फिरवल्यासारखा. खवले वळताना होत असेल. खोकला आला की थांबतो, मग पुन्हा सुरू होतो.

रविवार

दारावर ताई आहेत. चिमणीचाही आवाज येतोय. "काका, नुसतं दार उघडा, आम्ही काही हलवणार नाही." ताई म्हणतात, "भाऊजी, मी मेहुणी आहे, सावकार नाही. उघडा." मग त्या शेजाऱ्यांकडे हातोडी मागायला गेल्या असाव्यात, कारण शांत झालं.

सकाळी थरांमध्ये हात घातला होता, किती वाळलीत ते बघायला. आत ऊब आहे. ओला पाला साचला की त्याला ऊब सुटते हे मला माहीत आहे. खात्याच्या आवारातल्या पाल्याच्या ढिगात मी स्वतः पाहिलेली आहे. ती सगळीकडून सारखी असते आणि हाताला चिकट लागते. ही तशी नाही. ही एका बाजूने येते, जरा थांबते, पुन्हा येते. दोन्ही अगदी सारख्या, कुणीही फसेल. मी महिनाभर यापेक्षा बारीक फरक ओळखायला शिकलो.

पुढच्या दारावर घाव पडायला लागलेत. बिजागऱ्या जुन्या आहेत, फार टिकणार नाहीत.

उजवा हात अजून आतच आहे. हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, पण घाई नाही. माझी बोटं आतून धरलेली आहेत.